डोंगराची बाजू

३ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटे.
स्वयंपाकघरात स्टुलावर उभा राहून डोंगराची फ्रेम पुसत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. ताई आणि दाजींनी आईची आणि माझी त्यांच्याकडे यायची विमानाची तिकिटं काढली आहेत. २८ तारखेला सकाळी जायचं, ५ एप्रिलला दुपारी परत यायचं. आईचं दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. डॉक्टर म्हणाले, आता लांबचं स्वच्छ दिसेल. ताई म्हणाली, मग लांबचंच काहीतरी दाखवू तिला. हे विमान आईच्या डोंगराजवळून जातं.

आईचा डोंगर म्हणजे एका जुन्या कॅलेंडरवरचा बर्फाचा डोंगर. बाबांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला तो दाखवायला न्यायचं कबूल केलं होतं. ते जमलं नाही, म्हणून त्यांनी त्याची फ्रेम करून दिली. (मी आज ज्या फ्रेमच्या दुकानात आहे तिथेच ते कामाला होते.) दुकानात उरलेल्या चौकटीत मावावं म्हणून चित्र दोन्ही बाजूंनी कापलं. सदतीस वर्षं आई त्याच्याकडे बघत भाजी चिरते आहे. बाबांना जाऊन आठ वर्षं झाली.

फोन ठेवल्यावर आई एवढंच म्हणाली, "एकदा खरा बघितला की झालं." मग भांडी आवरायला लागली.

संकल्प: आईला डोंगर दाखवायचा. त्यासाठी विमानातली सर्वांत योग्य खिडकी शोधायची. ही जबाबदारी पूर्णपणे माझी. दुसऱ्या कुणावर सोडण्यासारखी नाही.

४ मार्च, बुधवार. रात्री ८.
विमानात मी कधी बसलेलो नाही. हे चांगलंच आहे. त्यामुळे मन कोरं आहे.

दुपारच्या सुट्टीत माहिती वाचली. खिडकीची प्रत्येक जागा खिडकीची असतेच असं नाही. काही ठिकाणी खिडकीच्या जागी नुसती भिंत येते. काही ठिकाणी पंख आडवा येतो. काहींवर ऊन येतं. लोक या गोष्टींचा विचार न करता विमानात बसतात, हे वाचून आश्चर्य वाटलं. क्षितिज हा शब्द शब्दकोशात पाहून घेतला. दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व.

विमान का उडतं याचीही थोडी माहिती वाचली. भीती म्हणून नाही. चौकशी म्हणून. पूर्ण वाचली नाही.

६ मार्च, शुक्रवार. दुपारी २.
तिकीट कचेरीत जाऊन आलो. तिकिटावर कंपनीने आपणहून 23E आणि 23F या जागा दिल्या आहेत. फुकट. जी गोष्ट फुकट मिळते तिच्यामागे कुणीतरी विचार केलेला असतो यावर माझा विश्वास नाही.

काउंटरवरच्या माणसाला विचारलं, डोंगर कुठल्या बाजूला दिसतो. तो मान वर न करता म्हणाला, जाताना उजवीकडे बसा, येताना डावीकडे. म्हणजे एकच डोंगर दोन्ही बाजूंना. मी त्याला शांतपणे सांगितलं की डोंगर जागचा हलत नाही. तो म्हणाला, साहेब, मागे लाइन आहे. असल्या माणसांच्या भरवशावर लोक प्रवास करतात.

९ मार्च, सोमवार.
दाजींना फोन केला. ते या मार्गाने चाळीस वेळा तरी गेले असतील. म्हणाले, बहुतेक उजवीकडे. विचारलं, स्वतः पाहिला आहे का. म्हणाले, नाही, मी सीटवर बसलो की झोपतो. म्हणजे चाळीस वेळा झोपलेल्या माणसाची ही साक्ष. वहीत नोंद केली, पण ग्राह्य धरली नाही.

आईला वाटतं, मी उगाच डोकं शिणवतोय. म्हणाली, मिळालंय त्या जागेवर बसू, दिसला तर दिसला. आईच्या पिढीची हीच अडचण आहे. नशिबावर सोडून देतात.

१२ मार्च, गुरुवार. रात्री ९.
आज निकाल लागला. पद्धत लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोगी पडेल.

वाचनालयातून नकाशांचं मोठं पुस्तक आणलं. फक्त एका दिवसाच्या बोलीवर मिळालं. दुकानात नकाशावर आठ बाय दहाची काच ठेवली आणि काळ्या रंगाच्या पेनाने मार्ग उतरवून घेतला. खाली आमचं शहर, वर ताईचं शहर, मधे सरळ रेघ. डोंगरासाठी त्रिकोण. तो कुठल्या बाजूला येतोय इकडे मुद्दाम लक्ष दिलं नाही. काम पुरं व्हायच्या आधी निष्कर्ष काढला की रेघ वाकडी जाते, असं बाबा म्हणायचे.

रंग वाळल्यावर आमच्या दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे काच पालथी केली. काचेवर काहीही काढलं की आम्ही ती पालथी करूनच बसवतो. रंग आत राहतो, गुळगुळीत बाजू बाहेर येते, पुसताना काही बिघडत नाही. मागे पांढरा कागद, मग पुठ्ठा, मग चौकट, चार चुका (बारीक खिळे) ठोकल्या, कडेने चिकटपट्टी. शेवटी दर्शनी बाजूने गावांची नावं सुवाच्य अक्षरात लिहिली. एकही चूक नाही.

मग पट्टी लावून मोजलं. डोंगर रेघेच्या डावीकडे, साडेतीन सेंटिमीटरवर.

डावीकडे. म्हणजे A ची खिडकी; F उजवीकडची. काउंटरवाला चूक, दाजी चूक. शिवाय सकाळी ऊन पूर्वेकडून म्हणजे उजवीकडून येणार, तेव्हा डावीकडे डोळ्यांवर तिरीप येणार नाही. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तरापर्यंत आलो.

मालकांनी काच बघितली. ते मला मोजपट्टी म्हणतात. म्हणाले, "मोजपट्टी, हे कुठल्या बाजूने बघायचं?" म्हटलं, आपल्या नेहमीच्याच. ते काहीतरी बोलणार होते, पण गिऱ्हाईक आलं. मग त्यांना एवढंच आठवलं की काच दुकानाची आहे. साठ रुपये पगारातून कापणार.

नकाशांचं पुस्तक वेळेत परत केलं.

१५ मार्च, रविवार.
जागा बदलल्या. 23E आणि 23F सोडून 23A आणि 23B. रांग तीच ठेवली, कारण ती पंखाच्या बऱ्यापैकी मागे आहे. कंपनीचं तेवढं बरोबर होतं. A चे साडेचारशे, B चे अडीचशे. आईकडून हजार घेतले आहेत. पगारावर देईन.

आईने विचारलं की आधीच्या जागांना काय झालं होतं. काच दाखवली. तिने काच हातात घेतली, उलटी केली, मागचा पुठ्ठा बघितला. म्हणाली, तुझे बाबा चिकटपट्टी जरा आत घ्यायचे. मुद्द्याचं काही बोलली नाही.

१९ मार्च, गुरुवार.
खिडकीच्या वेळेची वाटणी केली. प्रवास एक तास चाळीस मिनिटांचा. उड्डाणाच्या वेळी खिडकीत मी, कारण पहिला अनुभव मी घेतलेला बरा. नंतर वीस मिनिटं आई. डोंगर साधारण पंचावन्नाव्या मिनिटाला यायला हवा. पन्नासाव्या मिनिटापासून खिडकीत पुन्हा मी, म्हणजे डोंगर आला की मला आईला दाखवता येईल. उतरताना मी. बाकीचा सगळा वेळ आईचा.

हा तक्ता आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, छान आहे रे, मला बसायला जागा ठेवली आहेस ते बरं. समाधान वाटलं.

२४ मार्च, मंगळवार.
काचेवर प्रतिबिंब पडलं की पलीकडचं नीट दिसत नाही. हे फ्रेमवाल्याला कुणी शिकवायला नको. उपाय: डोक्यावर गडद कापड घेऊन खिडकीला चिकटायचं. आईची जांभळी शाल बाजूला काढली. खिडकी पुसायला छोट्या बाटलीत स्पिरिट घेतलं आहे, चाळीस रुपयांचं.

 

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ६.
सामान तीनदा तपासलं. आईची बॅग तिने दहा मिनिटांत भरली आणि शेजारणीकडे जाऊन बसली. जाताना डोंगराच्या फ्रेमसमोर थोडी थांबली. मी दुसऱ्या खोलीतून बघितलं. पदराने काचेचा एक कोपरा पुसला फक्त. तो मी आधीच पुसलेला होता.

उद्या चूक होऊन चालणार नाही. होणारही नाही.

२८ मार्च, शनिवार. सकाळी ६.४०. विमानतळ.
तपासणीच्या ठिकाणी स्पिरिट काढून घेतलं. तिथल्या बाईंना उपयोग समजावून सांगितला. त्यांनी विचारलं, विमानाची खिडकी तुम्ही पुसणार? मग काच बाहेर काढायला लावली. चुकांमुळे ती यंत्रात दोनदा घातली, मागची चिकटपट्टी सोडवून पुठ्ठा आणि कागद काढून बघितला. नुसती काच मागच्या बाजूने उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, अक्षरं उलटी का आहेत. म्हटलं, तुम्ही उलट्या बाजूने बघताय. त्या म्हणाल्या, बरं.

इतक्या साध्या गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. पुठ्ठा जागच्या जागी बसवून घेतला.

७.५०. विमानात.
23A. खिडकी आहे, भिंत नाही. पंख पुढे आहे. माझा अंदाज तंतोतंत. पलीकडे रांगेत D वर एक नर्सबाई, ड्यूटी संपवून घरी चालल्या आहेत. E आणि F रिकाम्या. आमच्याच सोडलेल्या. कुणालाही नकोत, हे बोलकं आहे.

C वर एक गृहस्थ. पट्टा लावताक्षणी झोपले.

सूचनांचं कार्ड पाठ केलं. उड्डाणाच्या वेळी मी डोळे मिटले होते, कानांवर दाब येऊ नये म्हणून. आई म्हणाली, अरे, घरं बघ केवढीशी झाली. तिने माझ्यावरून वाकून बघितलं. तिचा हात माझ्या हातात होता. कुणी आधी धरला ते आठवत नाही.

८.४५.
आईच्या वीस मिनिटांत थोडा फेरफार करावा लागला. जागा बदलायला उठायचं तर पट्टा सोडावा लागतो आणि विमान थोडं हलत होतं. आई म्हणाली, राहू दे, बस तूच. मग म्हणाली, जरा पाय मोकळे करून येते. C च्या गृहस्थांच्या गुडघ्यांवरून गेली. तिचं वय बासष्ट आहे.

मी शाल डोक्यावर घेतली आहे. शालीखालून लिहितोय. अक्षर खराब येतंय.

८.५५.
शेतं. तपकिरी. एक नदी, बारीक.

९.०२.
कॅप्टन बोलले. म्हणाले, प्रवाशांना आता उजव्या बाजूला डोंगर दिसेल. विमानात हालचाल झाली. मी जागचा हललो नाही. कॅप्टन बोलताना प्रवाशांकडे तोंड करून उभे असणार, म्हणजे त्यांची उजवी ती आपली डावी. एवढं समजून घ्यायला हवं.

शेतं.

९.०८.
मागून लोकांचे आवाज येतायत. कुणीतरी अरे वा म्हणालं. आई अजून आली नाही. वीस मिनिटांहून जास्त झाली. काळजी वाटते, पण या क्षणी खिडकी सोडली तर सगळी मेहनत पाण्यात.

एक पांढरा ढग दिसला. फार उंच आणि टोकदार. ढगच असेल असं नाही.

९.२०.
आई आली. C च्या गृहस्थांच्या गुडघ्यांवरून. माझ्या डोक्यावरची शाल काढली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली. तिला थंडी वाजत होती. विचारलं, इतका वेळ कुठे होतीस.

म्हणाली, "आपल्याच जागेवर. रिकामी होती, बसले."

नर्सबाईंनी पाय आवरून तिला आत जाऊ दिलं म्हणे. 23F. अर्धा तास. माझ्या पाठीमागे तीन हातांवर.

मी तिला ढगाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, असेल, त्याचाच भाऊबंद असेल कुणी.

 पट्टा लावल्यावर तिने हाताने हवेत एक चौकोन केला, आणि मग दोन्ही हात त्या चौकोनाच्या बाहेर लांब पसरले. उजवा हात C च्या गृहस्थांना लागला. ते जागे झाले. आई म्हणाली, "फ्रेमच्या बाहेर केवढा आहे रे तो. तुझ्या बाबांनी दोन्हीकडून कापला होता."

आणि हसली. डोळे ओले होते. ऑपरेशनमुळे असेल, डॉक्टर म्हणाले होते की थोडं पाणी येईल.

उद्देश आईला डोंगर दाखवण्याचा होता. तो साध्य झाला. पद्धतीबद्दल उतरल्यावर विचार करीन.

२९ मार्च, रविवार. ताईकडे.
ताईने सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. आत गेली आणि मग आतून हसण्याचा आवाज आला.

दाजींनी काच मागितली. पुठ्ठा आणि कागद काढला, नुसती काच उलटी करून खिडकीच्या तावदानाला लावली. त्रिकोण रेघेच्या उजवीकडे गेला. म्हणाले, "तू नकाशा फ्रेम केलास रे."

फ्रेमच्या कामाला हीच पद्धत योग्य आहे, हे मी त्यांना सांगितलं. नकाशाच्या कामाला ती योग्य नसेल, तर तो नकाशांचा दोष. पण मान्य करतो की साधन सदोष होतं. मोठी माणसंही मान्य करतात.

२ एप्रिल, गुरुवार. दुपारी ४.
परतीच्या जागा आल्या. कंपनीने पुन्हा आपणहून: 24A आणि 24B.

वाचून अंगावर काटा आला. पुन्हा A. या वेळी मात्र मी अनुभवी आहे. काच चूक होती, उत्तर उजवीकडे होतं, हे आता सर्वमान्य आहे. दाजी उजवीकडे म्हणाले होते, कॅप्टन उजवीकडे म्हणाले होते, आईने प्रत्यक्ष F वरून बघितला. एवढ्या पुराव्यानंतर A वर बसणं म्हणजे मूर्खपणा. 24F घेतली. साडेचारशे. फोनवरच्या मुलीने विचारलं, नक्की का. म्हटलं, शंभर टक्के.

आईचीही बदलून घेतो म्हणालो. तिने नको म्हटलं. खिडकीही मागत नव्हती, पण मी उठल्यावर 24A तिचीच झाली. म्हणाली, "मला फुकटचीच बरी. तुझी तू बघ."

समजावलं. काचेचं उदाहरण दिलं. ऐकत नाही. एकदा बघितला आहे म्हणून हट्ट करत नसेल बहुधा. वाईट वाटलं. मी एकटाच बघणार.

दाजी मधेच म्हणाले की आपण परत जाताना तोंड उलट्या दिशेला... मी म्हटलं, दाजी, तुम्ही चाळीस वेळा झोपला आहात.

५ एप्रिल, रविवार. दुपारी ३.३५. विमानात.
24F. उड्डाणाच्या वेळी एक डोळा उघडा ठेवला. प्रगती आहे.

दुपारचं ऊन थेट या बाजूला येतंय. डोळ्यांवर हात धरून लिहितो. शाल आईकडे आहे आणि आई पलीकडे.

४.२०.
कॅप्टन बोलले. डाव्या बाजूला, म्हणाले.

या वेळी ते कुठे तोंड करून उभे आहेत याचा विचार केला.  तिकीट कचेरीतला काउंटरवाला आठवला. जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. त्याच्या मागे लाइन होती, तरी तो नीट बोलला होता.

४.२४.
आई पलीकडून हाक मारते आहे. तिने स्वतः उठून खिडकी मोकळी केली आणि B वर सरकली. हाताने ये म्हणते आहे. आजूबाजूचे लोकही माझ्याकडे बघतायत, एक आजोबा वाट द्यायला उभेसुद्धा राहिले.

मी हातानेच नको म्हटलं. या जागेचे पैसे भरले आहेत. पैसे भरलेली जागा अशी सोडून जाता येत नाही. शिवाय पट्टा सोडण्याची सूचना आलेली नाही. शिवाय विमान हलतं आहे.

इकडे शेतं आहेत. तीच, पण उलट्या क्रमाने.

४.३१.
गेला.

रात्री ८. घरी.
आईने बॅग न उघडता आधी स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावला आणि फ्रेमकडे बघितलं. मग मला म्हणाली, "उद्या दुकानात घेऊन जा ही. चौकट मोठी करून आण." मी म्हटलं, चौकट कितीही मोठी केली तरी चित्र तेवढंच आहे, कापलेलं परत येत नाही. ती म्हणाली, माहीत आहे मला. चित्राच्या दोन्हीकडे पांढरा कागद सोड. रुंद. बाकीचा मी बघितलाय.

किती रुंद, विचारलं. म्हणाली, तुला दिसला नाही तेवढा.

सकाळी पट्टी घेऊन जातो. कागद पालथा करणार नाही.

हिशेब.
जाताना A आणि B: ७००
येताना F: ४५०
काच: ६०
स्पिरिट (जप्त): ४०
एकूण खर्च: १२५०
देणे: आईला १०००, मालकांना ६०
आईचा जागेवरचा खर्च: काही नाही. दोन्ही वेळा.